हिरवी थांबली पाहिजे

गाडीचं इंजिन सुरू झालं तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि उरलेले निम्मे खोकत राहिले, कारण बारा वर्षांचा कोंडलेला धूर एकदम बाहेर आला होता. मिस्त्रीने नवी बॅटरी बसवली होती, टाकीतलं सडकं पेट्रोल उपसून टाकलं होतं, आणि आता तो कानामागची पेन्सिल हातात घेऊन रुबाबात उभा होता. सिस्टर स्टिअरिंगवर बसली होती. तिने क्लच दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन गुरगुरलं, गाडी जागच्या जागी शहारली आणि बंद पडली. मग चार जणांनी मागून ढकललं. मग सहा जणांनी. सगळी गल्ली जिला तिच्या रंगावरून हिरवी म्हणायची ती गाडी शेडमधून बोटभरसुद्धा पुढे आली नाही.

मिस्त्री पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला, टॉर्च मारून आत बघितलं आणि तोंडाने च्च् केलं.

"दोन्ही कॅलिपर धरलेत," तो म्हणाला.

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारा पंजा. पेडल दाबलं की तेलाच्या दाबाने त्याच्या पोटातला पिस्टन पुढे सरकतो, पॅड तबकडीवर आवळले जातात आणि गाडी थांबते. पाय काढला की चिमटी सुटायला हवी. हिरवीची चिमटी बारा वर्षांपूर्वी आवळली होती ती गंजून तशीच राहिली होती.

"मी म्हणतच होतो," सिस्टरचा दीर म्हणाला. तो खरंच बारा वर्षं म्हणत होता. माणूस वाईट नव्हता, पण आपण म्हणत होतो ते खरं ठरलं की त्याला जेवल्याचं समाधान मिळायचं. "वहिनी, आता तरी पटलं? पुढच्याच्या पुढच्या रविवारी भंगारवाल्याचा ट्रक या भागात येणार आहे. मी त्याला सांगून ठेवतो. तुमची एक सही लागेल फक्त."

सही लागणार होती, कारण गाडी सिस्टरच्या नावावर होती. पण शेड दिराचं होतं, वाटण्यांमध्ये त्याच्याकडे गेलेलं. त्याची स्वतःची नवीकोरी गाडी बाहेर रस्त्यावर उन्हात उभी असायची आणि झाडावरचे पक्षी तिला रोज सकाळी नको ते दान करायचे. त्याचं म्हणणं अगदीच अवाजवी नव्हतं. म्हणून तर सिस्टरला जास्त राग आला.

"सही मिळणार नाही, भाऊजी."

"म्हणजे हे धूड आणखी बारा वर्षं इथेच?"

"पंधरा दिवस द्या. त्या रविवारी मी हिरवी घेऊन गल्लीच्या वरच्या टोकावरून खाली येते आणि उताराच्या शेवटी पांढरा पट्टा आहे ना, तिथे थांबवते. नाही थांबली तर तिथेच बॉनेटवर कागद ठेवून सही करते. थांबली तर या गाडीबद्दल तुम्ही पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. आणि शेड तिचंच राहील."

दिराने सहा साक्षीदारांकडे बघितलं. सहाही जण अजून धापा टाकत होते.

"कबूल," तो म्हणाला.

मिस्त्रीने मात्र कानावर हात ठेवले. "ताई, माझ्याकडून होणार नाही. आजकाल कॅलिपर कोणी खोलत बसत नाही, नवीन टाकतात. आणि हिचे नवीन मिळत नाहीत. हे इंजिनचं काम नाही, ब्रेकचं आहे. इंजिन बिघडलं तर गाडी थांबते, ब्रेक बिघडले तर थांबत नाही. जिवाशी खेळ आहे."

"जिवाचंच काम चौतीस वर्षं केलंय मी," सिस्टर म्हणाली आणि बॉनेट धाडकन खाली आपटलं.

चौतीस वर्षं ती इस्पितळात नर्स होती. नाव तिला होतंच, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळे तिला सिस्टर म्हणत. हिरवी तिने रात्रपाळ्यांच्या जादा पगारातून घेतली होती. लायसन्स काढलं होतं. गाडी घरी आली त्या दिवशी ती किल्ली घेऊन पुढे झाली तेव्हा नवरा हसत म्हणाला होता, "तू दमून आलीयेस. तू आरामात बस, मी आहे ना." त्यात कुठेही दरडावणी नव्हती. उलट प्रेमच होतं. त्या प्रेमाला नाही कसं म्हणायचं हे तिला कोणत्याच वॉर्डात कोणी शिकवलं नव्हतं. ती शेजारच्या सीटवर बसली ती तेरा वर्षं तिथेच बसून राहिली. नवरा रोज गाडी पुसायचा, तिच्याशी बोलायचा, आणि एके दिवशी ती शेडमध्ये लावून घरात आला आणि पुन्हा बाहेर पडलाच नाही. सिस्टरने गाडीवर कापड टाकलं. लायसन्स कपाटात कपड्यांच्या खाली होतं. मुदत संपत आली की ती ते गुपचूप नवं करून आणायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. नवऱ्यावर तिचा राग नव्हता. राग होता तो स्वतःवर, तेरा वर्षं आरामात बसल्याबद्दल. तो राग आता तिला फार उपयोगी पडणार होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती जुना गाऊन चढवून, डोक्याला रुमाल बांधून शेडमध्ये शिरली. पुढची दोन्ही चाकं काढली, गाडीखाली जाडजूड लाकडी ठोकळे सरकवले. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हे मिस्त्रीने जाता जाता सांगितलं होतं. माणूस नाही म्हणाला होता, पण त्याला चैन पडत नव्हतं हे त्यावरून कळत होतं.

पहिला बोल्ट सुटायला पाऊण तास लागला. गंज सोडवायचं तेल मारायचं, थांबायचं, पान्याला लोखंडी पाइप अडकवून जोर लावायचा, पुन्हा तेल. सिस्टरच्या नाकी नऊ आले. त्या पाऊण तासात तिने गंजाला, कारखान्याला आणि दिराला अशा काही उपमा दिल्या की ऐकणारं कोणी नाही याचं तिला वाईट वाटलं.

ऐकणारं होतं. शेडच्या दारात धाकटी उभी होती. धाकटी म्हणजे दिराची बायको, सिस्टरची जाऊ. बावन्न वर्षांची झाली तरी त्या घरात ती धाकटीच होती. दीर दुपारी दोन ते चार झोपायचा, आणि त्या दोन तासांत ती काय करते हे त्याने तीस वर्षांत विचारलं नव्हतं.

"ताई, मी काही धरू का?" तिने विचारलं.

"नवरा रागावेल तुझा."

"ते घोरतायत. रागावायला आधी जागं व्हावं लागतं."

त्या दिवशी दोघींनी मिळून दोन्ही कॅलिपर काढले. पॅड तबकडीला असे चिकटले होते की ते छिन्नीने उचकटावे लागले. धाकटीचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून सिस्टरने गाडीखालून डोकं न काढताच सांगितलं, "त्यांना चिकटपट्टी लाव आणि डावा-उजवा लिही, नाहीतर घोळ होईल." धाकटी बॉनेटसमोर उभी होती. तिने दोन पट्ट्या कापल्या, एकीवर 'डावा' लिहिलं, एकीवर 'उजवा', आणि नीट दाबून चिकटवल्या.

पिस्टन बाहेर काढणं हे खरं बाळंतपण होतं. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये हवेचा पंप होता. सिस्टर एक कॅलिपर घेऊन तिथे गेली, पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा ठेवला, वर जुना टॉवेल गुंडाळला आणि तेलाच्या भोकात हवा सोडायला सांगितलं. मिस्त्रीने "उगाच वेळ घालवताय" असं म्हणत हवा सोडली. काही क्षण काहीच झालं नाही. मग धाडकन आवाज झाला, ठोकळा उडाला आणि मिस्त्री दोन पावलं मागे जाऊन टायरच्या ढिगात बसला.

"मुलगा की मुलगी?" सिस्टरने विचारलं.

दुसरा पिस्टन मात्र हट्टी निघाला. हवेला बधला नाही. मिस्त्री म्हणाला हातोडी मारा, सिस्टर म्हणाली अजिबात नाही, पिस्टनला ओरखडा पडला तर त्याच्याभोवतीचं रबरी सील तेल धरणार नाही. ही अक्कल तिने एका जुन्या माहितीपुस्तकातून घेतली होती आणि ती चष्मा लावून त्याची पारायणं करत होती. तीन दिवस तो कॅलिपर, धाकटीची पट्टी वर राहील अशा बेताने, तेलात बुडवून ठेवला. चौथ्या दिवशी मिस्त्री स्वतःच ग्रीस भरायची बंदूक घेऊन शेडवर आला. "हवा दाबली जाते, ग्रीस दाबलं जात नाही," तो दुसरीकडे बघत पुटपुटला. "करून बघा. मी आलो होतो असं कुणाला सांगू नका." ग्रीसच्या दाबाने पिस्टन एकेक केसभर पुढे येत शेवटी सिस्टरच्या ओंजळीत पडला. त्यावर गंजाचा डाग होता, पण तो बाहेरच्या कडेला. सील जिथे घासतं तो भाग स्वच्छ, चकचकीत होता. सिस्टरने तो उजेडात फिरवून फिरवून बघितला. बारा वर्षं काळोखात बसून आतून चांगलं राहिलेलं काहीतरी हातात आलं होतं, आणि ती तेव्हा फक्त पिस्टनचाच विचार करत होती असं नाही.

नंतरचं काम तिच्या हातातलं होतं. तिने जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली. कॅलिपरच्या पोटात सील बसायची एक बारीक खाच असते. तिथे गंजाचा कण राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. इस्पितळातून निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला चिमटा आणि वाकडी सुई घेऊन ती दोन दुपारी ती खाच साफ करत बसली. पट्ट्या तेवढ्या सोडून सगळं स्पिरिटने पुसलं. दुसऱ्या शहरातल्या जुन्या पार्टांच्या दुकानाने पाठवलेली नवी रबरी सीलं ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवली. पिस्टन अंगठ्याच्या दाबाने आत गेले. गुरुवारी दोन्ही कॅलिपर पट्ट्यांवरचं धाकटीचं सुंदर अक्षर वाचून जिथल्या तिथे चढवले, नवे पॅड घातले, बोल्ट आवळले. रविवारला तीन दिवस होते. सिस्टर त्या संध्याकाळी गुणगुणत होती.

शुक्रवारी दुपारी ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांमध्ये शिरलेली हवा काढायला घेतली आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं.

हे काम दोघींचं. एकीने आत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं, दुसरीने चाकाजवळ बसून कॅलिपरवरचं छोटं निप्पल, म्हणजे हवा सोडायचं तोंड, सैल करायचं, हवा आणि तेल नळीतून बाहेर आलं की ते बंद करायचं, मगच पाय सोडायचा. सिस्टरने त्यासाठी सलाइनची नळी आणि रिकामी बाटली लावली होती. धाकटी जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती.

"दाब."

"दाबलं."

"धर. ... सोड."

"ताई," धाकटी पंधराव्या वेळी म्हणाली, "हे दाबताना असं वाटतं की गाडी मीच थांबवतेय."

"तूच थांबवतेयस. दाब."

सलाइनच्या नळीतून स्वच्छ तेल येत होतं, त्यात एक बुडबुडा नव्हता. तरी पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं थेट तळाला जात होतं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. ब्रेक ऑइलच्या तीन बाटल्या संपल्या. कुठे गळत नव्हतं. शनिवारी सकाळी मिस्त्रीने पेडल दाबून बघितलं आणि मान हलवली. "वरचा, तेलाला दाब देणारा मुख्य सिलिंडर गेला असेल. तो तर अजिबातच मिळत नाही. ताई, तुम्ही केलंत ते खूप झालं. उद्या उतारावर नेऊ नका एवढं ऐका." तो चिडवत नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

सिस्टर शेडमध्ये एकटीच बसून राहिली. उद्या सही. बॉनेटवर कागद ठेवून, तिच्याच शब्दाप्रमाणे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो संताप. हिरवीला तिने एक लाथ घातली आणि मग लगेच तिथे हात फिरवला.

दर शनिवारी चार वाजता ती वर जाऊन दिराला जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायची. डॉक्टरने सांगितलं होतं, आणि दिराला दुसऱ्या कोणाच्या हातची सुई चालायची नाही. बाहेर कितीही तोरा असला तरी सुई दिसली की तो डोळे मिटून भिंतीकडे तोंड करायचा. आजही तो बाही वर करून बसला होता. धाकटी चहा ठेवत होती.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका," तो भिंतीला म्हणाला. "हरणं-जिंकणं चालायचंच. ट्रक दहाला येईल. मी पेन घेऊन येतो."

सिस्टरने औषध सिरिंजमध्ये ओढून घेतलं, सुई वर केली, नखाने दोन टिचक्या मारल्या. बारीक बुडबुडे सळसळत वर गेले आणि सुईच्या तोंडाशी जमा झाले. तिने दट्ट्या किंचित ढकलला. हवा गेली, औषधाचा थेंब टोकाशी आला.

ती तशीच थांबली.

चौतीस वर्षं. दिवसाला किती, हिशोब नाही. एकदाही तिने सुई खाली धरून हवा काढली नव्हती. कशी निघेल? खालून औषध सांडत राहील आणि हवा वर मजेत बसून राहील. ते निप्पल कॅलिपरच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या? काल चाकाजवळ बसून तिने नळी कशी लावली होती? हात वाकवून. खालून.

"वहिनी?" दीर डोळे मिटूनच म्हणाला. "झालं का?"

सिस्टर भानावर आली. इंजेक्शन तिने नेहमीसारखंच दिलं, हलक्या हाताने, कारण राग सुईत उतरवायचा नसतो. कापूस दाबला. मग धाकटीकडे बघून फक्त मान हलवली आणि जिना उतरली. धाकटीने गॅस बंद केला आणि मागोमाग गेली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि नवरा टक्क जागा होता.

शेडमध्ये सिस्टरने कॅलिपरच्या मागे हात घातला. निप्पल तळाशी होतं. दुसऱ्या बाजूलाही तळाशी.

"अगं, डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे लागलाय," ती म्हणाली. "म्हणून ते उलटे झालेत. पण तू तर लिहिलं होतंस. पट्ट्या लिहिताना कुठे उभी होतीस?"

"इथे. हिच्या तोंडासमोर."

"आणि डावा कुठला धरलास?"

धाकटीने आपला डावा हात वर केला.

सिस्टरने कपाळावर हात मारून घेतला आणि तिथे काळा पंजा उमटला. वॉर्डात डावं म्हणजे पेशंटचं डावं. आपण समोर उभे असलो तरी त्याचं. तिने पट्टीवरचं 'डावा' वाचलं ते पेशंटचं समजून, आणि कॅलिपर हिरवीच्या डाव्या चाकाला चढवला.

धाकटीचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं सगळं. मला नेहमीच..."

"गप. चूक माझी. नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी हेच सांगायची, पेशंटचं डावं. तुला सांगितलं नाही. तू काय नर्स आहेस?" आणि सिस्टर मोठ्याने हसली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आयुष्यभर हवा वरून काढली आणि इथे तीन बाटल्या खालून ओतल्या. पाना दे."

दोघींनी कॅलिपर उतरवले, अदलाबदल केली, चढवले. आता निप्पल वर आलं. धाकटी आत बसली.

"दाब. धर."

सिस्टरने निप्पल सैल केलं आणि सलाइनच्या नळीतून बुडबुड्यांची रांगच्या रांग फुरफुरत बाहेर पडली. त्याच वेळी शेडच्या दारात सावली पडली. दंडावर कापूस धरून दीर उभा होता. त्याची बायको ड्रायव्हरच्या सीटवर होती, कोपरापर्यंत काळी.

"तू? इथे?" तो म्हणाला. "चहा अर्धवट टाकून?"

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. पाय हलवला नाही.

"मी पेडल धरलंय, आता सोडलं तर हवा आत जाईल," ती म्हणाली. "चहा तुम्ही करा. पाणी ठेवलेलंच आहे."

दीर कापूस दंडावर तसाच दाबून वर गेला. त्याने चहा केला की नाही हे कोणी बघायला गेलं नाही. सव्वासहाच्या सुमारास धाकटी अचानक म्हणाली, "ताई, खाली जात नाही." सिस्टरने स्वतः बसून पेडल दाबलं. ते दोन बोटं गेलं आणि दगडासारखं घट्ट झालं.

रविवारी दहाला ट्रक आला. उताराच्या शेवटी पांढऱ्या पट्ट्याजवळ दीर, मिस्त्री, भंगारवाला आणि बघे उभे होते. दिराच्या हातात कागद होता आणि खिशाला पेन. पट्ट्यापुढे आडवा रस्ता, रस्त्यापलीकडे मोकळं मैदान. सिस्टरने सकाळीच गल्लीच्या सपाट भागात वीस वेळा गाडी चालवून आणि थांबवून बघितली होती. तरी वरच्या टोकावरून तिने पुन्हा एकदा पेडल दाबून बघितलं. सपाट भाग वेगळा आणि उतार वेगळा.

शेजारच्या सीटवर धाकटी येऊन बसली.

"उतर. मी एकटी जाणार."

"अर्धे ब्रेक माझे आहेत," धाकटी म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

हिरवी निघाली. पहिल्या वळणापर्यंत सिस्टरने ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवला. उतार वाढला, घरं भराभर मागे जाऊ लागली, कोणीतरी खिडकीतून ओरडलं. सिस्टरच्या कानात मिस्त्रीचं 'ब्रेक बिघडले तर थांबत नाही' घुमत होतं. पट्टा दिसला, माणसं दिसली, ती माणसं एकेक करून फुटपाथवर चढताना दिसली. सगळ्यात आधी दीर. तिने पाय दाबला. पेडल दोन बोटं गेलं आणि घट्ट झालं. गाडीचं नाक खाली झुकलं, पण ती ना डावीकडे ओढली गेली, ना उजवीकडे. पुढची दोन्ही चाकं पांढऱ्या पट्ट्याला टेकली आणि हिरवी थांबली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इंजिनचा आवाज तेवढा येत होता. मिस्त्री पुढे आला, दोन्ही चाकांजवळ वाकून बघितलं, तबकडीजवळ हात नेऊन तिची धग घेतली.

"दोन्ही एकसारखे तापलेत," तो म्हणाला. मग घसा खाकरून हळूच, "ताई, माझ्या गॅरेजमागे एक पडून आहे. तिचे पण धरलेत."

"सोमवारी या. चहा घेऊन या," सिस्टर म्हणाली. मग काच पूर्ण खाली केली. "भाऊजी, पेन आहे ना खिशात? राहू द्या. लागणार नाही."

दिराने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली. शब्द दिला होता आणि सहा साक्षीदार होते. भंगारवाला त्याच्या रस्त्यावरच्या, पक्ष्यांनी रंगवलेल्या गाडीकडे बघून म्हणाला, "मग ती न्यायची का?" बघे हसले. दिराला राग आला, आणि तो काढायला त्याला एकच जागा माहीत होती. तो शेजारच्या खिडकीशी आला.

"झाली ना हौस? चल, उतर आता," तो बायकोला म्हणाला. "घरी जाऊन आरामात बस."

सिस्टरने ते वाक्य ऐकलं. शब्द ओळखीचे होते, आवाजही जवळपास तोच. तिने गिअर टाकला, रस्ता रिकामा आहे हे दोन्हीकडे बघून घेतलं आणि हिरवी रस्ता ओलांडून थेट मैदानाच्या मधोमध नेऊन उभी केली. इंजिन बंद केलं. दार उघडून उतरली आणि गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली. धाकटी उतरून उभी होती. पट्ट्यापाशी दीर तसाच थांबलेला दिसत होता.

"जा," सिस्टर म्हणाली आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"मला येत नाही, ताई."

"अर्धं येतं. दोन दिवस तेच करतेयस."

धाकटीने एकदा नवऱ्याकडे बघितलं. मग ती बॉनेटसमोरून चालत गेली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सिस्टर शेजारच्या सीटवर बसली. तेरा वर्षं ती याच सीटवर बसली होती. आज पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने बसली आणि सीट पुढे ओढून घेतली, समोरचं सगळं नीट दिसावं म्हणून.

"पाय कुठे आहे?" तिने विचारलं.

"ब्रेकवर."

"राहू दे तिथेच. आता किल्ली फिरव."